दहा मिनिटांचा धडा : प्रा. कन्नन मौद्गल्य यांचे कार्य आणि आपले विद्यार्थी

(लोणी काळभोर येथे संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी सूचना कार्यकारिणीने केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही बँकेतील कारकून. शिक्षण बी.ए., विषय इतिहास. ज्या विषयात आपला अधिकार नाही त्यावर बोलू नये, असे आमचे मत आहे. परंतु आपले सचिव म्हणाले, "साहेब, अधिकारी माणसाचं बोलणं पोरांच्या डोक्यावरून जातं, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आज आपल्यासमोर उभे आहोत.

आपल्या गावाच्या एका अंगाला तेल कंपन्यांच्या टाक्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला राजबाग आहे. ही बाग एकेकाळी राज कपूर यांची होती, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊकच आहे. आज तेथे एमआयटी कला, डिझाइन व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. राज्याच्या २०१५ सालच्या कायद्याने ते स्थापन झाले. आपली मुले त्या फाटकावरून रोज हडपसरला ये-जा करतात. आत संगणकाची विद्या शिकविली जाते, हे त्यांना दिसते. फाटक घरापासून जवळ आहे. परंतु व्यावसायिक शिक्षणाची फी, मग ती कोणत्याही खाजगी संस्थेतील असो, हातावर पोट असणाऱ्या घराला परवडत नाही. आणि फी कशीबशी भरली तरी पुढे इंग्रजीची भिंत असते. या दोन अडचणींवर एका प्राध्यापकाने कोणता उपाय शोधला, हाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आमच्या घरातील एक गोष्ट सांगतो. आमचा भाचा बारावी झाला आणि त्याने वेब डिझाइनचा कोर्स करण्याचा हट्ट धरला. बहिणीने भिशी उचलली आणि एका खाजगी क्लासची फी भरली. सहा महिने मुलगा नियमाने गेला. शिक्षक फळ्यावर इंग्रजीत लिहून देत, मुले वहीत उतरवून घेत. संगणकासमोर बसण्याची पाळी आठवड्यातून एकदा, तीही तिघांत एक. शेवटी प्रमाणपत्र मिळाले. नोकरीच्या मुलाखतीत त्याच्यापुढे संगणक ठेवला आणि सांगितले, "नाव-पत्ता भरून घेणारे एक पान तयार कर." मुलगा अर्धा तास बसून राहिला आणि उठून आला. पुढे तो एका गोदामात मालाची नोंद ठेवण्याच्या कामाला लागला. आम्ही एकदा रागाने त्याला म्हणालो, "अरे, इंग्रजी कच्चं असताना या भानगडीत पडलास कशाला?" तो म्हणाला, "मामा, इंग्रजीचं काही नाही हो. कुणी थांबून, हे असं का, एवढं एकदा सांगितलं असतं तर मला आलं असतं."

त्याचे हे वाक्य आमच्या मनाला लागून राहिले.

आता हे वेबचे काम म्हणजे नेमके काय, ते आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. म्हणजे आमच्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही ते कसे कळले, हे ध्यानात येईल. आपण बँकेत पैसे काढायला येता तेव्हा एक स्लिप भरता. त्या स्लिपवर नाव कोठे, खाते क्रमांक कोठे, रक्कम कोठे, हे छापलेले असते. वेबच्या पानावर ही मांडणी एचटीएमएल करते. स्लिपचा रंग, अक्षरांचा आकार, ओळींमधील अंतर हे सीएसएसचे काम. आपण स्लिप खिडकीत देताच कारकून पाहतो की तारीख राहिली का, सही राहिली का. राहिली असेल तर तेथूनच परत करतो. हे काम जावास्क्रिप्ट करते. स्लिप आत गेली की आतला माणूस लेजर उघडतो, शिल्लक पाहतो, नोंद करतो आणि उत्तर बाहेर पाठवितो. हा आतला माणूस म्हणजे पीएचपीसारखी भाषा, आणि ते लेजर म्हणजे मायएसक्यूएलसारखा डेटाबेस. मोबाईलवर आपण रेल्वेचे तिकीट काढा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरा किंवा सात-बारा पाहा, पडद्यामागे बहुधा हाच व्यवहार चाललेला असतो. यात समजणार नाही असे काय आहे? समजावून सांगणारा हवा.

असा समजावून सांगण्याचा मार्ग ज्यांनी घालून दिला ते प्रा. कन्नन मौद्गल्य होत. आपल्याला नवल वाटेल, पण हे गृहस्थ मुळात संगणकाचे प्राध्यापक नव्हेत. त्यांचा विषय केमिकल इंजिनिअरिंग. मद्रासच्या आयआयटीतून ते पदवीधर झाले, अमेरिकेतील राईस विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे मुंबईच्या पवई येथील आयआयटीत अनेक वर्षे अध्यापन केले. कारखान्यातील प्रक्रियांचे नियंत्रण संगणकाने कसे करावे, यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या विषयात स्थिरावलेल्या माणसाने एवढ्यावर समाधान मानले असते तरी कोणी बोल लावला नसता.

परंतु त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. आयआयटीत प्रवेश मिळतो तो थोड्यांना. उरलेल्या लाखो मुलांनी काय करायचे? दूरशिक्षणाच्या कामातून आणि मोफत, खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रसारातून ते या प्रश्नाला भिडले. केंद्र सरकारने २००९ साली माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू केले. त्याच्या साहाय्याने आयआयटी मुंबईत 'स्पोकन ट्युटोरिअल' हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिब्रेऑफिस, सी आणि जावा, पायथॉन, पीएचपी व मायएसक्यूएल, संकेतस्थळे उभारण्याचे ड्रुपल अशा अनेक विषयांचे धडे त्यात आहेत.

हे धडे म्हणजे वर्गातील व्याख्यानाचे चित्रीकरण नव्हे. त्यात शिक्षकाचा चेहरा दिसत नाही, फळाही दिसत नाही. दिसतो तो संगणकाचा पडदा. शिक्षक काय दाबतो, काय टाईप करतो, त्यावर काय घडते ते दिसते, आणि सोबत आवाज ऐकू येतो. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला धडा उघडावा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडावे, आणि धड्यात जे होते ते थांबवून थांबवून स्वतःच्या हाताने करावे. शेजारी कोणी जाणता बसला आहे आणि "आता हे कर, आता हे बघ" असे सांगतो आहे, अशी ही योजना. एकदा समजले नाही तर धडा मागे घ्यावा. माणूस एकच गोष्ट पाचव्यांदा सांगताना चिडतो, हा धडा चिडत नाही. आमच्या भाच्याला जे "थांबून सांगणारं" हवे होते ते हेच.

आता यातील आम्हांला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट सांगतो. धडा तयार करताना आधी त्याची संहिता लिहितात. एका रकान्यात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्या रकान्यात काय बोलायचे. ही संहिता तज्ज्ञ तर तपासतातच. पण त्याशिवाय ज्याला तो विषय मुळीच येत नाही अशा नवख्या माणसापुढे ती ठेवतात. तो जेथे अडेल तेथे संहिता सुधारायची. मित्रहो, आपल्या शिक्षणव्यवस्थेत मूल अडले की आपण मुलाला नापास करतो. येथे नवखा माणूस अडला तर धडा नापास होतो. आमच्या मते या प्राध्यापकांचे खरे संशोधन येथे आहे. शिक्षक जवळ नसताना मनुष्य एकट्याने कसा शिकू शकेल, या प्रश्नाचा त्यांनी शास्त्राच्या शिस्तीने विचार केला. या पद्धतीविषयी त्यांनी २०११ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या मासिकात लिहिले.

दुसरी गोष्ट भाषेची. मूळ धडा इंग्रजीत तयार होतो. नंतर त्याचा आवाज मराठीसह भारतातील इतर भाषांत घातला जातो. पडद्यावरील अक्षरे मात्र इंग्रजीच राहतात. यामागे विचार आहे. नोकरीच्या जागी मुलासमोर इंग्रजी पडदाच येणार, तेव्हा त्याची ओळख झालीच पाहिजे. पण ते काय आहे आणि का आहे, हे आईच्या भाषेत कळले पाहिजे. इंग्रजी टाळा असे ते सांगत नाहीत, आणि आधी इंग्रजी शिकून या असेही म्हणत नाहीत. हा मध्यम मार्ग आपल्या मुलांच्या फार उपयोगाचा आहे.

भाषेचा विषय निघाला म्हणून आणखी एका प्राध्यापकाचे ऋण मान्य केले पाहिजे. पूर्वी संगणकावर मराठी वाचायची तर प्रत्येक वर्तमानपत्राचा टाईप वेगळा असे. तो आपल्या यंत्रात नसेल तर पडद्यावर नुसत्या चौकटी किंवा भलतीच अक्षरे दिसत. जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ साली आली. तिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती. परंतु क्रमांक मिळाला तरी अक्षराला रूप लागते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी टाईप रेखाटला तो प्रा. र. कृ. जोशी यांनी. ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवीत. २००८ साली ते निवर्तले. आज आपण संगणकावर मराठी मजकूर वाचतो त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत. म्हणून वेबची विद्या परकी आहे, आपली तिच्यात जागा नाही, हा समज मुलांनी मनातून काढून टाकावा.

तिसरी गोष्ट पैशाची. स्पोकन ट्युटोरिअलचे धडे खुल्या परवान्याखाली दिलेले आहेत. श्रेय नमूद करून आणि तोच खुला परवाना पुढे कायम ठेवून कोणीही त्यांच्या प्रती करू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. जी सॉफ्टवेअरे शिकविली तीही मोफत व खुली निवडली, म्हणजे शिकल्यानंतर महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागू नये. मुळात वेबचाच जन्म असा झाला. टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना कागदावर मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती जगाला विनामूल्य खुली केली. त्या दिवशी तिच्यावर शुल्क बसविले असते तर ती लोणी काळभोरपर्यंत कधी आणि किती दराने पोचली असती, याचा विचार करावा. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विद्या वाटून वाढते हे आपण सुभाषित म्हणून सांगतो. वेब हे त्याचे चालते उदाहरण आहे.

आता आमचा अनुभव. या धड्यांची माहिती आम्हांला आपल्याच वस्तीतील एका मुलीकडून मिळाली. तिच्या कॉलेजात त्यांची कार्यशाळा झाली होती. तिने धडे पेन ड्राइव्हवर आणून दिले. संस्थेच्या अभ्यासिकेत बँकेतील सहकाऱ्यांनी दिलेले दोन जुने संगणक होते. त्यांवर झॅम्प नावाचे मोफत सॉफ्टवेअर घातले. त्यामुळे इंटरनेट नसतानाही आपल्याच यंत्रात पीएचपी आणि मायएसक्यूएल चालतात. दर रविवारी सकाळी दहा ते बारा बसायचे ठरले. पहिल्या रविवारी अकरा मुले आली, दुसऱ्या रविवारी सात, तिसऱ्या रविवारी चार. ही घट आम्ही लपवीत नाही. नुसते पाहात बसणारी मुले गेली. हाताने करणारी राहिली. त्यांत आमचा भाचा होता आणि पेन ड्राइव्ह आणणारी ती मुलगीही होती.

त्यांनी काम घेतले ते अभ्यासिकेतील पुस्तकांच्या नोंदीचे. कोणते पुस्तक कोणी, केव्हा नेले, एवढेच. दोन रविवार एकाच ठिकाणी अडले. यंत्र सांगे, अठराव्या ओळीत चूक आहे. अठरावी ओळ दहा वेळा तपासली, ती बरोबर. शेवटी त्या मुलीने पाहिले की सतराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. वाक्य संपले नाही म्हणून यंत्र पुढच्या ओळीवर जाऊन ठेचकाळत होते. आम्ही मोठ्याने हसलो, कारण बँकेत आमचे हेच होते. संध्याकाळी कॅश जुळत नाही, आणि चूक सापडते सकाळच्या व्हाउचरात. त्या दिवशी आमचा भाचा पहिल्यांदा म्हणाला, "मामा, आता कळलं हे असं का." आज अभ्यासिकेच्या पुस्तकांची नोंद त्या पानावर होते. भाच्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, असे सांगून आम्ही टाळ्या घेणार नाही. तो अजून गोदामातच आहे. पण संध्याकाळी तो दोन दुकानांची लहान कामे करून देतो, आणि नवीन मुलांना शेजारी बसवून शिकवितो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. वेबची विद्या लवकर जुनी होते. पूर्वीच्या धड्यांत आणि पुस्तकांत डेटाबेसला जोडण्याची जी फंक्शन्स वापरीत, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. जुना धडा जसाच्या तसा केला तर नव्या यंत्रात तो चालत नाही. तसेच गुप्त संकेतशब्द साठविण्याच्या जुन्या रीती आज असुरक्षित ठरल्या आहेत. म्हणून धड्याचे साल पाहावे, पाया धड्यातून घ्यावा आणि पुढची माहिती त्या त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत पुस्तिकेतून ताजी करावी. प्रमाणपत्र हे शिकल्याची पावती असते, नोकरीची हमी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

अलीकडे काही पालक आम्हांला विचारतात, "आता कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्रॅम लिहून देते, मग मुलांनी हे शिकायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. यावरही बँकेचाच दाखला देतो. आमच्याकडे कोअर बँकिंग आले तेव्हा बेरजा यंत्र करू लागले. परंतु रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर ते ओळखणारा माणूस लागतोच, आणि तो कोण, तर ज्याने कधीतरी लेजर हाताने लिहिले तो. यंत्राने लिहिलेले ज्याला वाचता येते त्याच्या हाती यंत्र हे साधन असते. ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्र सांगेल ते मान्य करावे लागते. आणि दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचे दिवस आपल्या आजोबांनी पाहिलेले आहेत. ते पुन्हा नव्या रूपात येऊ नयेत, एवढ्यासाठी तरी आपल्या मुलांनी ही अक्षरओळख करून घ्यावी.

शेवटी संस्थेला आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, अभ्यासिकेचे रविवारचे दोन तास वर्षभर चालू ठेवावेत; चारच मुले आली तरी बंद करू नयेत. दुसरी, त्या चारांत निदान दोन मुली असाव्यात यासाठी माता-भगिनींनी रविवारी सकाळचे घरकाम मुलींच्या अंगावर टाकू नये. तिसरी, जो मुलगा किंवा मुलगी एक धडा पूर्ण करील त्याने तो दुसऱ्या एकाला शेजारी बसवून करून घ्यावा, आणि तो जेथे अडेल तेथे त्याला हसू नये. आपण सांगण्यात काय राहिले ते पाहावे. प्रा. मौद्गल्य यांच्या कार्यातून आम्ही हेच शिकलो.

विद्यार्थी मित्रहो, केमिकल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक वेबच्या धड्यांची चळवळ उभी करू शकतो आणि इतिहासाचा बी.ए. झालेला कारकून चाळिशी उलटल्यावर अर्धविराम शोधू शकतो, तर तुमची शाखा कोणती, मार्क किती, हे प्रश्न तुम्हाला अडवू शकत नाहीत. राजबागेच्या फाटकावरून जाताना मान खाली घालू नका. आतील मुले जे शिकतात त्याचा पाया अभ्यासिकेतील त्या दोन जुन्या संगणकांवरही घालता येतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही तेथे आहोत. येताना वही आणू नका, हात मोकळे ठेवून या.

 जयभीम.